हरकत असल्यास

जुना कॉम्प्युटर मे महिन्यात गेला.
फैजपूरच्या मे महिन्यात काहीही जातं.
पुतण्यानं नवा आणून दिला,
पातळ, अजिबात आवाज न करणारा.
मी ड्राइव्ह जोडली. निळा दिवा लुकलुकला.
सगळे फोल्डर दिसले, नावानिशी:
न्हावी, पिंपरूड, हंबर्डी, आमोदे, मारुळ.
पहिल्यावर टिचकी मारली, तर पाटी आली:
तुम्हाला हे उघडायची परवानगी नाही.

मला.
एकतीस वर्षं तलाठी होतो मी.
हे वाक्य मी लोकांना सांगायचो,
चष्मासुद्धा न काढता.

आत विहिरींचे फोटो आहेत.
कुणी मागितले नव्हते, कुठला जीआर नव्हता.
दर मे महिन्यात सज्जातली एकेक विहीर,
आत सोडलेली टेप, आणि टेपचं वरचं टोक धरलेला
कोतवाल इतबार तडवी.
तो हिवाळ्यात गेला.
सोमवारी त्याची हुरमत आली होती.
"भाऊसाहेब, बाबाचा एखादा फोटो हाय का?
आधारवरचा नको. त्यात तो घाबरेल दिसतो."

पुतण्या फोनवर: उजवी टिचकी, मग सुरक्षा, मग प्रगत.
मालकाच्या रकान्यात नाव नव्हतं,
एक लांबलचक आकडा, बँकेच्या खात्याच्या तिप्पट.
"हा कोण?"
"तूच व्हय, काका. जुन्या मशीनवरचा तू."
"पण नाव इथंही हेमराजच टाकलंय."
"नाव तो पाहतच नही. नंबर पाहतो."

पटलं मला ते.
माझ्या सज्जात तीन तोताराम बोंडे होते.
एकाचा शेतसारा दुसऱ्याच्या नावे लागला
आणि भांडायला तिसरा आला.

मग मालक बदला. नाव लिहा. तपासा.
नावाखाली रेघ आली, म्हणजे मी आहे.
खाली एक बारीक चौकोन:
आतल्या सगळ्या फायलींचाही मालक बदलायचा का?
बरोबर. जमीन आली की बांधावरची बाभळही आली.
खूण केली,
आणि हात तसाच थांबला, सवयीनं.
चावडीवर नोटीस लागली नाही,
पंधरा दिवस झाले नाहीत,
हरकत असल्यास कळवावे, असं कुणी कुणाला म्हटलं नाही.
पंखा फिरत होता.
जुन्या मशीनवरचा मी
काहीच बोलला नाही.
दाबलं.

चौदा हजार तीनशे सहा नावं सरसर गेली.
तरी हंबर्डी उघडेना.
"मालक झाला तू," पुतण्या म्हणाला,
"पन वाचायचा हक्क येगळा द्या लागतो."
हे मला शिकवतोय!
सातबारावर नाव आणि वावरात दुसऱ्याचं औत,
यातच माझी नोकरी गेली.
दिला हक्क. पूर्ण. स्वतःला.

विहिरी उघडल्या.
इतबार कुठंच नाही.
हात आहे, अंगठ्याचं काळं नख आहे,
एकदा चप्पल, दोनदा सावली.
टेप धरणारा माणूस खालीच बघत असतो,
आणि मी पाण्याचा फोटो काढत होतो.

रात्री अकराला मारुळ, दोन हजार सात.
त्या वर्षी पाणी चोवीस फुटांवर होतं.
तळाशी आभाळाचा गोल, त्याच्या कडेला
मसुरीएवढं एक डोकं.
मोठं केलं. अजून मोठं केलं.
चेहऱ्याचे चौकोन झाले.
त्यातले दोन पांढरे. दात असावेत.

हुरमत बराच वेळ बघत राहिली.
"रुमाल त्याचाच हाय," एवढंच म्हणाली.
नंतर विचारलं,
"आन् यंदा कितीवर हाय पानी?"
यंदा कुणी मोजलेलं नाही.

तिच्या पेन ड्राइव्हवर फोटो उतरवून दिला.
तिकडं तो उघडेल ना, म्हणून पुन्हा फोन केला.
पुतण्या हसला. "कुठंबी उघडीन, काका.
तशा पेन ड्राइव्हमधी
मालक लिहायला रकानाच नसतो."

तिनं ती ओढणीच्या टोकाला बांधली, दोन गाठी मारून,
आणि मारुळच्या रिक्षात बसली.